गाऱ्हाण्याचा वारस

॥ श्री जागेवाला प्रसन्न ॥

मी, लक्ष्मी धोंडू राऊळ, वय शहात्तर, धंदा पूर्वी गिरगावच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचा, सध्या पलंगावर पडून राहण्याचा, राहणार कुशाबा चाळ, पहिला मजला, लालबाग, मुंबई, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टर पुष्कर यांनी मला तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचे सांगितले आहे. दुपारी मी अर्धी जागी आणि अर्धी स्वप्नात असते, हे मी त्यांच्यापासून लपवलेले नाही. माझ्या खिडकीखाली चाळीची विहीर आहे. ऊन डोक्यावर आले की पाण्यावरचा उजेड माझ्या छतावर येतो आणि जाळ्यासारखा हलत राहतो. त्या उजेडात माझे कैलासवासी यजमान ओल्या पायांनी येऊन बसतात आणि मी काय लिहिते ते वाचतात. त्यांनी अजून एकाही कलमाला हरकत घेतलेली नाही.

कलम १. या खोलीवर माझा जो काही हक्क असेल तो माझी मुलगी पूर्वी हिला. ती अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहते आणि दर रविवारी मला तिकडे न्यायला येते. पूर्वी, तू गुणाची पोर आहेस, पण तुझ्या छतावर पंख्याशिवाय काही हलत नाही. ही चाळ पाडून इथे टॉवर होणार आहे. माझा त्याला विरोध नाही. संडास घरात असावा हे मलाही कळते, गुडघे माझेच आहेत. माझी सही अडली आहे ती एकाच गोष्टीवर. नकाशात विहीर नाही. ती बुजवून तिथे पार्किंगचा खांब येणार आहे. विहीर नकाशात येईपर्यंत तूही सही करू नयेस.

कलम २. विहिरीतले कासव मी कोणाच्याही नावे करीत नाही. ते माझ्या लग्नाआधीपासून तिथे आहे. पुनर्विकासासाठी रहिवाशांची संमती गोळा करताना त्याला कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. परवा स्वप्नात ते जिना चढून वर आले. पाणी त्याच्यामागून एकेक पायरी वर आले, आणि सगळी चाळ आपापल्या उंबऱ्यावर बसून पाण्यात पाय सोडून गप्पा मारत होती. कोणीही घाबरलेले नव्हते. मलाच तेवढे रडू येत होते.

कलम ३. पितळी पोहरा व दोर माझी मैत्रीण सरोजिनी हिला. मागच्या भिंतीपलीकडे सफाई कामगारांची वस्ती आहे, ती तिथली. एका वर्षी तलाव आटले, नळ कोरडे पडले, तेव्हा आमच्या चाळीने मागच्या दाराला कुलूप घातले. पाणी आपल्यालाच पुरत नाही, असे कारण सांगितले. खरे कारण सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणाच्या तोंडून निघत नव्हते.

देवदिवाळीला आम्ही विहिरीवर जागेवाल्याला, म्हणजे या जागेच्या राखणदाराला, नारळ देतो आणि गाऱ्हाणे घालतो. एक जण देवाकडे मोठ्याने मागणे मागतो, बाकीचे प्रत्येक मागण्याला होकार भरतात. तोंडातून गेलेला होकार परत घेता येत नाही. त्या वर्षी गाऱ्हाणे आमच्या यजमानांचे होते. पीकपाणी, पोरेबाळे, आजारपण सगळे मागून झाले आणि त्यांनी त्याच सुरात पुढे म्हटले, "जो कोण तहानलेलो तुझ्या दारात येतलो, त्याका पाणी मिळांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ सवयीने गरजली. मग सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सरोजिनी हंडा घेऊन आली आणि कुलूप उघडलेले होते. ती बुद्धाला मानते, आमच्या देवाशी तिला कर्तव्य नाही. "तुमच्या देवाला माझा जय भीम सांग," एवढेच ती म्हणाली. मी सांगितला. पुढे मोर्चात, पालिकेच्या दारात, नाल्याच्या भिंतीसाठी उपोषणाला आम्ही दोघी शेजारी बसलो. ती माझी बहीण आहे, हे इथे लिहिल्याने कायदेशीर होत असेल तर व्हावे.

कलम ४. तांब्याचा तांब्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी रघु भावजी यांना. कुलूप त्यांचे होते. ते उघडले त्या दिवसापासून त्यांनी विहिरीचे पाणी तोंडाला लावलेले नाही. यजमान गेल्यावर मी गाऱ्हाणे घालायला उभी राहिले तेव्हा "बाईमाणूस कधी गाऱ्हाणा घालता काय?" असे हेच म्हणाले. "देवाक कान आसत ना? मग झाला," असे मी म्हटले. भावजी, माझा राग अजून आहे, तो तांब्यासोबत देते. दोन्ही विहिरीवर नेऊन एकदा धुवा आणि घोटभर पाणी प्या.

कलम ५. छापखाना बंद पडला तेव्हा मालकांनी दिलेली खिळ्यांची पेटी समोरच्या खोलीतल्या उर्वीला. विहीर वाचवण्याची पत्रके आता ती मोबाइलवर करते. छान करते, पण वेलांट्यांत चुकते.

कलम ६. माझ्या तोंडात शेवटचे पाणी या विहिरीचे घालावे. गंगाजल आणू नये. आयुष्यभर जिचे प्यायले तिला शेवटी डावलणे बरे दिसत नाही.

कलम ७. माझे गाऱ्हाणे माझ्या दिरांचा मुलगा वैभव याला देते. पोस्टातली ठेवही त्यालाच, दरवर्षी विहिरीचा गाळ काढण्यासाठी.

वाचणाऱ्याला आश्चर्य वाटेल, कारण वैभव बिल्डरकडे नोकरीला आहे आणि संमतीचे कागद तोच घेऊन येतो. "काकी, त्या विहिरीत आता काय रवला हा? निसते डास," असे तोच म्हणाला. गेल्या देवदिवाळीला नारळ फोडायला घरातला पुरुष म्हणून तो आला. मी गाऱ्हाणे घातले आणि शेवटी म्हटले, "ह्या विहिरीची राखण ह्या घराचो झील करतलो म्हाराजा!" या घरात झील, म्हणजे मुलगा, तोच एक. आणि "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने त्याचेच आले. लहानपणापासून काकांच्या खांद्यावर बसून तो तेच ओरडत आला आहे.

"काकी, माका फसवलंस गे," तो वर येऊन म्हणाला.

"मी खय फसवलंय? तोंड तुझा, आवाज तुझो."

तो चहा न घेता गेला, आणि नंतर फिरकला नाही. त्याच्या नोकरीवर गदा यावी असे मला वाटत नाही. पण सवयीचा होकार किती दिवस टिकेल, याची मला धास्ती आहे. मला आता विहिरीपर्यंत उतरवत नाही. म्हणून शेवटचे गाऱ्हाणे इथेच घालते:

बा देवा म्हाराजा, मी गेल्यावरही ह्या विहिरीर आभाळ दिसांदे. भिंतीच्या हयल्या आणि थयल्या लेकरांक एकाच दोरान पाणी मिळांदे. कासवाक सांभाळ. आणि जो राखण करतलो, त्याच्या पाठीशी उभो रव म्हाराजा!

ताजा कलम. सही करण्यापूर्वी हे सर्व मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. वैभवला निरोप धाडला होता. तो आला, पण नकाशाची गुंडाळी काखेत धरून दारातच उभा राहिला. गाऱ्हाणे वाचून झाले, पण होकार कोणी भरला नाही. डॉक्टर दादरचे, छापखान्याचे मालक कमलाकांत गिरगावचे, त्यांना आमची रीत ठाऊक नाही. होकाराशिवाय गाऱ्हाणे देवाला पोचत नाही. छतावर उजेड हलत होता. मी पेन धरून थांबले.

दारातून आवाज आला, हळू. या वेळी सवयीचा नव्हता.

मग तो आत आला, पलंगावर माझ्या पायांशी नकाशा पसरला आणि खांबाच्या जागी पेन्सिलीने एक गोल काढला.

"खांब सरकवचो लागतलो," तो म्हणाला. "साहेब बोंबलतलो."

"बोंबलांदे," मी म्हटले, आणि सही केली.

लिहून देणार: लक्ष्मी धोंडू राऊळ

आमच्यासमोर सही केली:
१. डॉ. पुष्कर कर्णिक, दादर
२. कमलाकांत तळपदे, छापखान्याचे जुने मालक, गिरगाव

ठिकाण: कुशाबा चाळ, विहिरीवरची खोली, लालबाग
दिनांक: १४ जानेवारी २०२५, मकरसंक्रांत, दुपार

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे कमलाकांत म्हणतात. म्हणून त्याची सही वेगळी घेतली आहे:

व्हय म्हाराजा.
वैभव राऊळ