उंच छपराखाली चटई

१३ जुलै, रविवार
श्रेयांसने गाडी घेतली. श्रेयांस म्हणजे माझा धाकटा भाऊ, निपाणीतली तंबाखूची वखार त्याची. गाडी कसली, चाकं लावलेलं कपाट. पुढून नुसती चकचकीत जाळी, दातांच्या डॉक्टरच्या बोर्डावरचं हसू. छप्पर इतकं उंच की आत माणसं उभी राहून अक्षता टाकतील. दार हाताने उघडायचं नाही, ते आपण होऊन सरकतं आणि खालून पायरी बाहेर येते. आत विमानातल्यासारख्या दोन खुर्च्या. एक बटण दाबलं की पायाखाली फळी वर येते, दुसरं दाबलं की पाठ चेपून मिळते. पडदे. छोटा फ्रिज. माझ्यासारख्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला यातलं एकही बटण गरजेचं वाटलं नाही. सगळी दाबून पाहिली. न पाहता मत देणं अप्रामाणिकपणाचं.

आईचे गुडघे वाकत नाहीत. ती त्या पायरीवरून ताठ आत गेली, बसली आणि म्हणाली, आता मच्छेला जाऊया की रं. मच्छे बेळगावच्या पलीकडे. तिथं तिची धाकटी बहीण, मालूमावशी. मावशीचा खुबा मोडल्यापासून दोघी फोनवरच भेटतात. आईला मच्छेला मीच नेणार, हे मी गेल्या दिवाळीपासून सांगतोय. श्रेयांस म्हणाला, अण्णा, पुढल्या रविवारी जाऊ की समदी. मी म्हणालो, आईला मी नेतोय, माझ्या गाडीतून. थोरला मी आहे.

हा हेवा आहे का? प्रामाणिकपणे तपासलं. नाही.

१५ जुलै, मंगळवार
रंगीत तालीम. आईला माझ्या गाडीत बसवून पाहिलं. आधी डोकं, मग कंबर, मग पाय, असा क्रम समजावून दिला होता. तिने कंबर आधी टाकली. निम्मी आत, निम्मी बाहेर. शेजारच्या अंबुबाई चहाचा कप घेऊन कट्ट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, सर, दार काढून बघा. आई म्हणाली, तुझ्या गाडीत मला लुगड्यागत घडी घालून बसाय लागतंय.

गाडीत दोष नाही. पद्धत चुकते आहे. सरावाने जमेल.

१७ जुलै, गुरुवार
सीटवर दोन उशा घातल्या. गुडघ्यांचा प्रश्न मिटला. आता डोकं छपराला लागतं. मान खाली घालून बसली तर बरोबर मावते. म्हणालो, बेळगावपर्यंतचाच प्रश्न आहे. आई म्हणाली, सासरा जाऊन जमाना झाला, आता कुणापुढं मान खाली घालू? निशा हसली. बायकोने कुणाची बाजू घ्यायची ते ठरवलेलं दिसतं.

उंच छप्पर हा मुळात अहंकार. माणसाची उंची ठरलेली आहे. डोक्यावरची ती एवढी हवा कुणासाठी?

१९ जुलै, शनिवार
सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, महाराजांचं प्रवचन. विषय अपरिग्रह. मी अधूनमधून वळून श्रेयांसकडे पाहत होतो. तो डोळे मिटून ऐकत होता, म्हणजे झोपला होता.

प्रवचनानंतर चातुर्मासाचे नियम घ्यायला लोक उठले. श्रेयांसने गोड सोडलं. लोकांनी माना डोलावल्या. डायबेटिस असलेल्या माणसाने गोड सोडायचं आणि बस्तीने माना डोलावायच्या! मग मी उठलो. म्हणालो, चातुर्मास संपेपर्यंत गादीचा त्याग. महाराजांनी विचारलं, घरात? घरात. कॉलेजात? तिथेही. प्रवासात? मी श्रेयांसकडे पाहिलं आणि म्हणालो, प्रवासात तर नक्कीच. महाराज म्हणाले, विचार करा, घेतला की पाळायचा. म्हणालो, विचार झालाय. महाराजांनी आशीर्वादाला मोरपिसांची पिंछी वर केली. श्रेयांसचा चेहरा पाहण्यासारखा होता.

ऐषारामाला उत्तर द्यायचं ते असं. यात अहंकार आहे का? तपासलं. नाही.

२० जुलै, रविवार, सकाळ
निशाने विचारलं, मग आज गाडी कशावर बसून चालवणार?

माझ्या गाडीच्या सीटलाही गादी आहे. काल हा मुद्दा समोर आला नव्हता. स्कूटरलाही आहे. स्टाफरूममधल्या खुर्चीलाही. वरून रेक्झिन असेल तर ती गादी धरू नये, असा एक विचार आला. दोनदा तपासला, लबाडीचा वास आला, सोडला. जेवायचा लाकडी पाट ड्रायव्हरच्या सीटवर ठेवला. गादीवर पाट, पाटावर मी. म्हणजे मी गादीवर नाही.

हे होईपर्यंत आई श्रेयांसच्या गाडीत जाऊन बसली होती. म्हणाली, तू ये रं मागनं. तात्पुरता बदल. मच्छेत पोचल्यावर तिचा हात धरून मावशीकडे नेणारा मीच.

२१ जुलै, सोमवार. आडव्याने लिहितोय
पाटामुळे माझं डोकं छपराला लागलं. मान खाली घालून तवंदीचा घाट चढलो. रस्ता दिसत होता, आकाश दिसत नव्हतं. शेजारी निशा. संकेश्वरच्या पुढे रस्त्याचं काम चाललंय. तिथल्या गचक्याला पाट उडाला, मी छपराला आपटलो आणि कमरेत कट्‌कन आवाज झाला.

निशाने फोन केला. श्रेयांस गाडी वळवून परत आला. निशा म्हणाली, आपली गाडी मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. पण शेजारी बसायला वाकावं लागतं, आणि मला वाकता येत नव्हतं. ताठ माणसाला आत घेणारी गाडी त्या रस्त्यावर एकच होती.

पायरी बाहेर आली. चढलो. आत सरळ उभा राहिलो, तरी डोक्यावर वीतभर जागा उरली. ती हवा कुणासाठी या प्रश्नाचं उत्तर मिळालं. इथे लिहिण्याची गरज नाही.

श्रेयांस म्हणाला, अण्णा, बस की खुर्चीत, हितं कोण बघाय आलंय? मी म्हणालो, नियम. आई म्हणाली, मग मच्छेपतोर उभारणार काय रं, कंडक्टरगत? शेवटी दोन खुर्च्यांच्या मधे चटई टाकून आडवा झालो. चटईखाली गालिचा जाड आहे. गालिचा म्हणजे गादी का, हे तपासायला घेतलं आणि मधेच डोळा लागला. अशी झोप मला घरी लागत नाही. खाली रस्ता आहे हेच कळत नव्हतं. सस्पेन्शनबद्दलचं मत राखून ठेवतो.

जाग आली तेव्हा गाडी मच्छेत मावशीच्या दारात. घराला पायऱ्या, त्या आईला चढता येईनात. म्हणून श्रेयांसने मावशीलाच हळूहळू खाली उतरवून गाडीत आणलं होतं. दोघी दोन खुर्च्यांत, पायाखालच्या फळ्या वर करून, पाठ चेपून घेत बसल्या होत्या. मी मधे, खाली.

मावशीने विचारलं, आक्का, हे खाली कोण पडलंय गं? आई म्हणाली, थोरला न्हवं का. त्येचा नियम हाय. मावशी म्हणाली, लई कडक दिसतोय. आई म्हणाली, व्हय, उठतच न्हाय.

मग दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि रडल्या. ते हात बरोबर माझ्या नाकावर होते. मग हसल्या. मग कुणाच्या तरी सुनेचा विषय निघाला आणि दुपार गेली. सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून श्रेयांसने खुर्चीतलं टेबल उघडलं, ताटं तिथेच मांडली. निशाने भाकरीचे तुकडे करून मला वरून भरवले. निघताना मावशी उतरायला तयार होईना. म्हणाली, पाठीचं अजून थोडं ऱ्हायलंय.

आईला मी नेऊ शकलो नाही. कारण, रस्त्याचं काम.

१० ऑगस्ट, रविवार
पुन्हा मच्छे. जायचं नव्हतं. आई म्हणाली, तूबी चल. गेलो, निरीक्षणासाठी. चटई आधीच अंथरलेली होती. डॉक्टरांनीही कडक जागेवर झोपायला सांगितलंय. म्हणजे माझा नियम वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर ठरला. खालून ती खुर्ची कशी बनवलीय ते नीट दिसतं. पायाची फळी खालूनही मऊ कापडाने मढवली आहे. जिथे कुणाची नजर जात नाही तिथेही मढवायचं, याला उधळेपणा म्हणतात. हात लावून पाहिला.

ठराव : कंबर बरी झाली की आईला बसवायचा सराव पुन्हा सुरू.
ठराव : चातुर्मास संपल्यावर त्या खुर्चीत एकदा बसायचं. श्रेयांसला वाईट वाटू नये एवढ्यासाठीच. पाठ चेपायचं बटण दाबणार नाही. निदान पहिल्या दिवशी.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी बस्तीत महावीरांचा निर्वाण लाडू चढवला. चातुर्मास संपला, नियम सुटला. मालूमावशी कालच दिवाळीला इकडे आली आहे. आज सगळ्यांनी तवंदीला दर्शनाला जायचं ठरलं. मी लवकर आवरलं, सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्चीत बसलो. फळी वर केली. पाठीचं बटण दाबलं. एवढ्यात दार सरकलं. पायरीवर मावशी. म्हणाली, उठ बाबा, तू माझ्या जागंवर बसलायस. दुसऱ्या खुर्चीत आई बसली. पुढे श्रेयांसच्या शेजारी निशा.

श्रेयांस म्हणाला, अण्णा, तुझीबी सोय केलीया. खाली चटई नव्हती. दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेच्या मापाची नवी कोरी गादी शिवून घातली होती, खुर्च्यांना मॅचिंग. म्हणाला, आता नियम सुटला न्हवं?

आडवा झालो. कट्ट्यावरून अंबुबाईंनी विचारलं, कोण नेतंय गं तवंदीला? आई म्हणाली, श्रेयांस नेतोय की. आम्हा तिघांस्नी.

वाईट वाटलं का? प्रामाणिकपणे तपासलं. हो.

गादी चांगली आहे.