वही माझ्याच कपाटात होती

दुर्गच्या कचेरीबाहेर टेबल टाकून बसतो त्या अर्जनविसाने माझे आठशे रुपये घेतले, दीड पान हिंदीत लिहिलं आणि मी जे लिहायला गेले होते नेमकं तेच गाळलं. मी विचारलं, "भैया, सुजाता का नाम कहाँ है?" तर म्हणाला, "माताजी, वसीयत में घर-जमीन लिखते हैं. किसने किसको क्या बोला, वो नहीं लिखते." मग ते कुठे लिहितात? ते त्याने सांगितलं नाही. वरून टायपिंगचे शंभर मागितले. मी कागद तिथेच फाडला. आठशे गेले ते गेले, त्याची पावतीसुद्धा मी घेतली नाही. इतकं सगळं भोगूनही पावती घ्यायचं मला सुचत नाही.

म्हणून आता माझ्याच हाताने मराठीत लिहिते. मी रुक्मा जानराव खोब्रागडे, वय ५५, धंदा मेस चालवणे, राहणार भिलाई-३, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड. माझं डोकं ठिकाणावर आहे. तुमसरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, म्हणून अक्षर मोठं आणि वाकडं आहे, पण ते माझं आहे. हे लिहायला मला कोणी भरीस घातलं नाही. लिहू नको म्हणून गौरवने थोडा दम दिला, पण पोराच्या दमाला मी भीत नाही. २६ नोव्हेंबरला रायपूरला माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणाले घाबरायचं काही नाही, आणि लगेच चार कागदांवर सह्या घेतल्या. त्यामुळे याआधी कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं. ठेवलेलं नाही. मी कधीच काही लिहून ठेवलं नाही, सगळं रडणं त्याचंच आहे.

कलम १. घर.
भिलाई-३ मधलं दोन खोल्यांचं घर गौरवच्या बाबांच्या रेल्वेच्या नोकरीतून झालं. ते २०१६ साली वारले, घर माझ्या नावावर आलं. ते माझ्यामागे माझा एकुलता मुलगा गौरव याला मिळावं. घरापुढचा टिनाचा शेड मात्र पाच वर्षं सीमाकडे राहील आणि गौरवने भाडं मागू नये. सीमा अकरा वर्षांपासून माझ्याकडे पोळ्या लाटते. तिच्या हाताशिवाय ही मेस दोन महिनेही चालली नसती.

कलम २. मेस.
दोन भट्ट्या, कढया, पराती, सत्तर ताटं, सगळं सीमाला. अट एकच. मेसचे पैसे वेगळे, घरचे पैसे वेगळे, महिला मंडळाचे असतील तर तेही वेगळे. रोज संध्याकाळी भांडी घासायच्या आधी लिहायचं. नंतर म्हणशील तर नंतर कधीच होत नाही.

ही अट का, ते लिहिते. चौदा वर्षं मी मेसचा हिशेब भिंतीवर कोळशाने ठेवला. जो जेवला त्याची एक रेघ. एका ठेकेदाराची तीस माणसं माझ्याकडे जेवायची. त्याच्याकडे माझे एक लाख बारा हजार निघत होते. मागायला गेले तर म्हणाला, "बाई, बिल दिखाओ." मी काय भिंत उचलून नेऊ? ते पैसे बुडाले. मी त्याला माफ केलेलं नाही, पण वाटून द्यायला माझ्याकडे त्याचा कागदही नाही.

मागच्या वर्षापासून मी वही लिहिते. गौरवची बायको मोना बेरीज तपासते. चौथ्या महिन्यात तिने सांगितलं की रविवारच्या मटणात आपल्याला ताटामागे अकरा रुपये तोटा आहे. मी म्हटलं, "असं कसं, रविवारी तर गर्दी मायेना." ती म्हणाली, "आई, म्हणून तर तोटा जास्त." ज्या दिवशी धंदा जोरात आहे म्हणून मी शेजारणीजवळ मिरवत होते, त्याच दिवशी मी घरचं घालत होते. मटणाचे भाव वाढवले. नंतर बँकेने वही पाहून फ्रीजसाठी कर्ज दिलं. आधी हीच बँक मला खुर्चीसुद्धा देत नव्हती. हे सगळं सुजाताने मला २०१८ सालीच सांगितलं होतं.

कलम ३. सुजाता.
हे कलम मोठं होईल. ज्याला घाई असेल त्याने घराचं वाचून उठून जावं.

आमच्या विहाराचं महिला मंडळ जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालं. एक्केचाळीस घरं, घरामागे महिन्याला शंभर. कोणाकडे मयत झाली की त्याच दिवशी दहा हजार द्यायचे, म्हणजे मातीसाठी कोणाच्या दारात हात पसरावा लागू नये. माझ्याकडे कुलपाचं लोखंडी कपाट होतं म्हणून मला खजिनदार केलं. हिशेब येतो का, हे कोणी विचारलं नाही. लिहायचं काम सुजाताकडे दिलं. सुजाता म्हणजे माझ्या घरामागे राहणाऱ्या शामराव रामटेक्यांची मुलगी, तेव्हा तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली.

पैसे मी तेलाच्या पिप्यात ठेवायची. खाली मंडळाचे, वर मेसचे, मध्ये पेपर. सुजाताने पाहिलं तर कपाळाला हात लावला.

"काकू, एकाच पिप्यात दोन्ही पैसे कावून ठेवता?"

"मंग काय दोन पिपे डोक्यावर घेऊ? मध्ये पेपर आहे न."

"पेपर काय सांगन कोणाचा पैसा होता थे? दोन डबे करा. नाही तर काढान तवा मले सांगा, मी लिवून ठेवतो."

ती खरंच लिहायची. रोज संध्याकाळी यायची, चहा पिता पिता विचारायची, "आज पिप्यातून काय निंगालं?" मी चिडून सांगायची, "गॅसचे काढले, लिव तुह्या वहीत." शनिवारी ठेकेदार देईल, मग परत टाकू, असं मनात असायचं. शनिवार येत होते, ठेकेदार देत नव्हता. निळ्या पुठ्ठ्याची ती वही माझ्याच कपाटात राहायची.

एप्रिल २०१९ मध्ये चौदा तारखेआधी घराघराला चुना लागला, तसा मीही लावला. जयंतीला घर पांढरंशुभ्र पाहिजे म्हणून स्वतः शिडीवर चढून स्वयंपाकघराची भिंतही पोतून काढली. कुंचा फिरल्यावर लक्षात आलं की मेसच्या आणि मंडळाचे पैसे काढल्याच्या, सगळ्या रेघा गेल्या. मी खाली उतरले आणि कोणालाच सांगितलं नाही.

जूनमध्ये मंडळातल्या ठकूबाईंचा नवरा वारला. सकाळी त्यांचा भाऊ दहा हजार न्यायला आला. पिप्यात पेपराच्या वर काहीच नव्हतं आणि पेपराखाली दोन हजार तीनशे होते. बायांनी पदराला बांधलेलं सोडून ती माती केली. मी पन्नास रुपये दिले, तेही त्या दोन हजार तीनशेतले.

त्या रविवारी विहारात बैठक झाली. अध्यक्ष सिंधुताईंनी कागदावर मांडलं. अठरा महिन्यांचे त्र्याहत्तर हजार आठशे जमा. आधीच्या दोन मयतींचे वीस हजार गेले, बँकेत खातं उघडायला पाच गेले. पिप्यातले धरूनही साडेसेहेचाळीस हजार कमी. (पन्नास मी पहाटे परत टाकले होते. तेवढीच माझी इमानदारी.)

"रुक्मा, पैसे कुठी गेले?"

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "सुजाताले देले होते बँकेत टाकाले."

सुजाता म्हणाली, "काकू, पाचच हजार देले तुमी मले. वही आना न, वही में सब लिखा है."

किल्ली माझ्या कमरेला होती. घर दोनशे पावलांवर. मी म्हटलं, "वही नाही आता. पोतलं तवा चुन्याच्या बादलीत पडली. फेकली."

सिंधुताई म्हणाल्या, "शिकलेल्या पोरी, यांचे हिशेब आपल्याले काय समजते." दुसरं कोणी काही विचारलं नाही. कपाट पाहू म्हणून एकही बाई उठली नाही. मला वाटत होतं कोणी तरी उठावं. उठली असती तर मी भांडले असते, हेही खरं.

शामराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळे भरले तर माह्या पोरीले चोर नाही म्हणान न?" आठ दिवसांत त्यांनी स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातून काढून साडेसेहेचाळीस हजार आणून दिले. मी मोजून घेतले. पावती दिली नाही.

त्यानंतर ते विहारात आले नाहीत. सुजाताला भिलाईच्या पॉवर हाउस बाजारातल्या एका दुकानात हिशेबाची नोकरी लागायची होती. मालकाने वस्तीत चौकशी केली आणि नको म्हणून कळवलं. ती दुर्गला राहायला गेली. २०२२ मध्ये शामराव वारले तेव्हा मंडळाचे दहा हजार घेऊन मीच गेले होते. तिने पाकीट उघडलंसुद्धा नाही. "आमाले नाही लागत," म्हणाली, आणि पाणी पिऊन जा म्हणाली. मी पाणी प्यायले नाही.

मागच्या वर्षीच्या दिवाळीत मी ती वही काढली. अक्षराखाली बोट ठेवून वाचायला तीन दिवस लागले. तिने तारखेसकट लिहिलं होतं. गॅस, काकूंनी काढले: सगळे मिळून चौदा हजार चारशे. गहू-तांदूळ: एकवीस हजार सहाशे. गौरवच्या पॉलिटेक्निकची फी: दहा हजार पाचशे. मोनाकडून बेरीज करून घेतली. साडेसेहेचाळीस हजार, एक रुपया इकडे तिकडे नाही. फीचे मी तिथून काढले होते हे मी खरोखर विसरले होते. गॅसचं विसरले नव्हते.

ती वही त्या रविवारी विहारात असती तर सुजाताला एक शब्द बोलावा लागला नसता.

म्हणून, माझ्या बँकेतल्या दोन लाख दहा हजारांमधून सत्तर हजार सुजाताला. बँकेतल्या चंदनने व्याज धरून सदुसष्ट काढले. वरचे तीन कशाचे ते कोणी विचारू नये. उरलेले गौरवला. गौरव म्हणाला, "आई, मेल्यावर आपली इज्जत कावून काढतं?" मी म्हटलं, "तिची काढली तवा तुही फी भरली गेली." पोरगा वाईट नाही.

जिवंतपणी का दिले नाहीत असं कोणी म्हणेल. दोनदा गेले. पहिल्यांदा ती घरी नव्हती. दुसऱ्यांदा तिने चहा केला आणि पैसे माझ्याच पिशवीत परत ठेवले. म्हणाली, "काकू, पैसे बाबाचे होते, थे तर गेले. मले पैसा नको. जिथी बोल्ल्या होत्या तिथी बोला." मी हो म्हटलं. त्याला सात महिने झाले. तीन बैठका झाल्या. तीनही वेळा मी चहाचं पाहायला बाहेर गेले.

कलम ४. कपाट.
लोखंडी कपाट मंडळाला. किल्ल्या दोन, दोन वेगळ्या घरी. मंडळात एक्केचाळीस घरं होती, आता सतरा आहेत. एकदा पैसा गेला म्हटल्यावर लोक शंभर रुपयेसुद्धा देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. शिलाई वर्गाला मदत मागायला गेलो तर एका संस्थेने तीन वर्षांचा हिशेब मागितला. आम्ही फोटो दाखवले. त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. निळी वही कपाटासोबत द्यावी, पण आधी सुजाताने पाहावी.

कलम ५. सिंधुताई.
त्यांना माझ्याकडून काही नाही. त्यांचं ते एक वाक्य मी विसरले नाही, पण ते त्यांच्या तोंडून यावं अशी सोय मीच केली होती. म्हणून राग अर्धा सोडला.

कलम ६. या कागदाप्रमाणे वाटणी करायचं काम सुजाता शामराव रामटेके हिने पाहावं. ती नाही म्हणाली तर मोनाने. पुरुषांनी मध्ये पडू नये.

सही: रुक्मा जानराव खोब्रागडे (अंगठा नाही, सही)
साक्षीदार, ज्यांना या कागदातून काही मिळत नाही आणि ज्यांच्यासमोर मी सही केली:
१. चंपत दौलत भिमटे, रेल्वेतून निवृत्त, भिलाई-३
२. वसुंधरा अशोक गेडाम, अंगणवाडी सेविका, भिलाई-३
ठिकाण: भिलाई-३. रविवार, २ नोव्हेंबर २०२५.

सही केल्यावर वसुंधराने मला विचारलं, "मावशी, हे तुमी गेल्यावर वाचाचं आहे न?" तेव्हा मला माझीच लाज वाटली. मेल्यावर वाचलं तर ऐकायला मी नसेन, म्हणजे चौथ्यांदा चहाचं पाहायला बाहेर जाणंच ते. म्हणून या कागदाची झेरॉक्स चंपतभाऊंच्या हाती दुर्गला पाठवते आणि पुढचं सुजातासाठी आहे.

सुजाता, रविवार २३ तारखेला सकाळी अकरा वाजता विहारात बैठक लावली आहे. सोडून गेलेल्या घरांनाही निरोप दिला आहे. कलम तीन मी उभी राहून वाचणार, वही हातात घेऊन. तू नसलीस तरी वाचणार, पण खोटं तुझ्या तोंडावर बोलले होते, आता खरं तुझ्या पाठीमागे होऊ नये. माफ कर असं मी लिहीत नाही, ते तुझ्याकडे. तू समोर बसणार की नाही आणि कलम सहाचं काम घेणार की नाही, एवढंच सांग. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण तोंडी निरोप नको, कागदावर दे. गुरुवार, २० नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत मला तुझं उत्तर पाहिजे.