घोड्याची मालकी ही निर्विवाद बाब

२ फेब्रुवारी, रविवार

विश्वासघाताचे अनेक प्रकार शास्त्रकारांनी सांगून ठेवले आहेत. परंतु दुसऱ्याच्या घोड्याची कपाळावरची झुलपे परस्पर कापणे हा प्रकार त्यांनाही सुचला नव्हता. वखारवाल्याला सुचला. घोडा माझा, झुलपे माझी, कात्री त्याची. फोटोत घोडा नुकत्याच शाळेत घातलेल्या पोरासारखा दिसतो.

बायको म्हणाली, केस डोळ्यात जात असतील म्हणून कापले. कापण्याला माझा आक्षेप नाहीच. आक्षेप तत्त्वाला आहे.

फोटो आधी परदेशात असलेल्या आमच्या मुलीला गेला, तिच्याकडून बायकोला आणि बायकोकडून मला. मालकाचा नंबर तिसरा. मुलगी दर रविवारी घोड्याची चौकशी म्हणून वखारवाल्याला फोन करते आणि चांगली ऐसपैस बोलते. मग इकडे करते. माझ्या वाट्याला, बाबा, बरा आहेस ना, आईला दे. हा मुद्दा अर्थात गौण आहे. घोडा माझ्याकडे असता तर तो ऐसपैस फोन कोणाला आला असता, हाही गौणच.

३ फेब्रुवारी

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. घोडा मीच घेतला, मुलीसाठी. ती नोकरीला लांब गेली, तबेल्याची जागा सुटली, म्हणून घोडा लाकडाच्या वखारीमागच्या शेडमध्ये आठ दिवसांसाठी ठेवला. वखारवाला तेव्हा मित्र होता. दुसरी व्यवस्था बघतो, असे मी त्याला स्पष्ट सांगितले होते. त्याला दोन वर्षे झाली. बघणे चालू आहे. याला टाकून देणे म्हणत नाहीत.

संकल्प: उद्या फोन. रागवायचे नाही. शांत, मुद्देसूद.

४ फेब्रुवारी

फोन केला. रागावलो.

वखारवाला म्हणाला, कुठला तुझा घोडा? दोन वर्षांत इकडे फिरकलास का? टाकून दिलेल्या जनावराला मालक नसतो, सांभाळणारा असतो, आणि तो मी. मी म्हणालो, स्मृतिकारांच्या मते ही ठेव आहे, आणि ठेव कितीही काळ वापरली तरी ठेवणाऱ्याचा हक्क बुडत नाही. तो म्हणाला, तुझे स्मृतिकार पाठव सकाळी, लीद काढायला माणूस मिळत नाहीये. मागे करवत सुरू झाली. ती त्याने मुद्दाम सुरू केली असावी.

त्याच्याकडे युक्तिवाद नाही हे उघड झाले.

६ फेब्रुवारी

मेहुण्याकडे गेलो. मेहुणा वकील आहे. पण मी वृत्तपत्राला कोर्टाच्या बातम्या पाठवतो, त्यामुळे कायदा मला जवळजवळ सगळाच येतो. त्याची फक्त सही हवी होती.

त्याने नसते प्रश्न काढले. दाण्यागोट्याचा खर्च कोण करतं? वखारवाला. नाल कोण ठोकून घेतं? वखारवाला. डॉक्टर? तोच. मग परत नेण्याचा इरादा तुम्ही कधी कुणाला बोलून दाखवलात का, दाजी? म्हटलं, वारंवार. कुणाला? मनातल्या मनात. मेहुणा चष्मा पुसत बसला. त्याला हसू आले की मुद्दा पटला, हे चष्म्यामुळे कळले नाही. पटला असावा.

नोटिशीचा मसुदा मीच केला. मंगलाचरण, पूर्वपक्ष, खंडन, उपसंहार. मेहुण्याने त्यातले ‘घोडा परत करावा’ एवढे ठेवले.

७ फेब्रुवारी

बायकोने विचारले, घोडा आणून ठेवणार कुठे? तिसऱ्या मजल्यावर? मी समजावले की मालकी निराळी आणि ताबा निराळा. ती म्हणाली, लिफ्टही निराळी, त्यात चार माणसांच्या वर मावत नाहीत. तिच्या घराण्यात वकिली फक्त भावाकडे गेली असे मी समजत होतो.

११ फेब्रुवारी

नोटिशीला उत्तर आले. टेम्पोतून. लिदीचे एक पोते, त्यावर खडूने माझे नाव. टेम्पोवाल्याने तोंडी निरोप दिला: घोडा तुमचा, तर हेही तुमचंच, असं सांगितलंय.

हा स्वच्छ कबुलीजबाब आहे. शत्रूने स्वतः मालकी मान्य केली. पोते पुरावा म्हणून जिन्याखाली ठेवले.

१३ फेब्रुवारी

दुसरा कबुलीजबाब आला.

इमारतीचे सेक्रेटरी वर आले. दोन्ही हात कमरेवर. म्हणाले, साहेब, तुमचा पुरावा दुसऱ्या मजल्यापर्यंत येतोय. मी म्हटले, प्रकरण न्यायप्रविष्ट होणार आहे, जरा दम धरा. ते म्हणाले, दमच धरून आहोत सगळे. मेहुण्याला पोती घेऊन जा म्हटले तर म्हणतो, गाडी नवी आहे.

तळमजल्यावरच्या बाई बोलायच्या बंद झाल्या. सत्यासाठी किंमत मोजावी लागते.

१६ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. घोड्याचा विषय मी स्वतःच काढायचा ठरवले होते. सुरुवात तयार होती. ती म्हणाली, बाबा, बरा आहेस ना? मी म्हणालो, तसा बरा आहे, पण एक गोष्ट... ती म्हणाली, बरं, आईला दे ना, परत मीटिंग आहे.

आईशी ती मीटिंग विसरून बोलली. स्वयंपाकघरातून हसणे ऐकू येत होते. वखारवाल्याने घोड्याची काहीतरी गंमत सांगितली होती म्हणे. बायको ती मला सांगायला लागली. मी म्हटले, नको, पक्षपाती साक्ष आहे.

संकल्प: जागेवर जाऊन पाहणी. घोडा मला बघून खिंकाळला की वाद तिथेच मिटला.

१८ फेब्रुवारी

पाहणी झाली. मेहुणा साक्षीला.

घोडा खिंकाळला नाही. त्याने माझ्या कोटाचा वास घेतला, फुरफुरला आणि पाठ फिरवली. वखारवाला नुसते ये रे म्हणाला, तसा चालत त्याच्याकडे गेला. त्याने एका हाताने मान धरून दुसऱ्या हाताने डोळ्यात औषध घातले. घोडा उभा राहिला, एखाद्या म्हाताऱ्या आजोबाने नातवाकडून चष्मा लावून घ्यावा तसा. हे शिकवलेले वर्तन आहे. कोर्टात टिकणार नाही.

मी म्हणालो, माझ्या मालाशी सलगी करू नकोस. तो म्हणाला, मालाचा कोणता डोळा दुखतोय ते आधी सांग, मग घेऊन जा. मी म्हणालो, दोन्ही. तो मेहुण्याकडे बघून म्हणाला, डावा.

मग मेहुण्याने, कोणीही विचारले नसताना, विचारले: घोडा मुलीसाठी घेतलात म्हणता, तर तिला दिलात कसा? वखारवाला म्हणाला, मी होतो ना तिथे. अठराव्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर लगाम तिच्या हातात दिला, आणि हा इतका वेळ बोलला की केक उन्हात वितळला. मी म्हणालो, ते भाषण सर्वांना आवडले होते.

मेहुणा म्हणाला, म्हणजे दान पूर्ण झालं. घोडा तुमचा नाही, दाजी. आणि तुमचाही नाही, वखारवाले. तिचा आहे. तिनं टाकलेलाही नाही, दर आठवड्याला विचारपूस करते. आता ती सांगेल तसं.

वखारवाला औषधाच्या बाटलीचे झाकण लावू लागला, ते बराच वेळ लागेना. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाला, मग विचार तिलाच. बाप तू आहेस.

हा टोमणा होता. नोंद घेतली.

१९ फेब्रुवारी

मुलीला फोन करणे. आज नको, आठवड्याचा मधला दिवस.

२० फेब्रुवारी

आज फोन करणारच होतो. तिकडे किती वाजले असतील याचा हिशेब करता करता तिकडे रात्र झाली.

२१ फेब्रुवारी

बोलायचे मुद्दे काढले. मालकी, ताबा, डावा डोळा. घोडा सोडून मुद्दा आठवेना. फोन उद्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी, तिने करायच्या आत, मीच केला.

पहिल्याच रिंगला उचलला. बाबा? आईला काय झालं? मी म्हणालो, काही नाही, ती बाजारात गेली आहे. मग काका? म्हटले, वखारवालाही ठणठणीत. ती म्हणाली, मग तू फोन का केलास?

सगळे प्रकरण सांगितले. मुद्देसूद. पोत्यांपाशी ती हसली, असे वाटते. म्हणाली, अरे बाबा, घोडा काकांचाच. तेच करतात ना सगळं त्याचं? मी सांगते त्यांना, आणि मामालाही सांगते. मी म्हणालो, उत्तम. म्हणाली, अजून काही?

तिकडे थंडी फार आहे का, असे विचारले. ती म्हणाली, बाबा, इथे उन्हाळा आहे.

मग तिला कोणीतरी हाक मारली.

२४ फेब्रुवारी

घोडा वखारवाल्याचा झाला. माझी हरकत नाही. घोडा मला नकोच होता. मला तर त्याची भीती वाटते, पहिल्यापासून.

माझे नाव फोनवर दिसले की मुलीला वाटते, घरात कोणीतरी गेले. दोन वर्षे ती कुठे राहते, काय खाते, तिथे कुठला ऋतू आहे, हे वखारवाल्याला माहीत आहे, मला नाही. आता घोडाही नाही, म्हणजे फोन करायला निमित्तही नाही. काय विचारायचे ते मला सुचत नाही. सुचेपर्यंत ती माझ्या फोनची वाट बघणे सोडून देईल, किंवा तिने ते केव्हाच सोडले असेल. झोप लागत नाही ती यामुळे.