सवतीची किंमत

३ मार्च
धक्क्यावरून फोन. होडीची जागा महिनाअखेर रिकामी करा — दुसऱ्याला दिली आहे. लेक म्हणतो, "आई, विकून टाक. बाबा आता काही शीड ओढायचे नाहीत." परगावी बसून सगळं सोपं दिसतं. मी विचारलं, कितीला? "योग्य ती किंमत सांग." योग्य म्हणजे किती, ते काही बोलला नाही.

लग्न झाल्यापासून त्या होडीला सवत म्हणत आले. आता तिची किंमतही मीच लावायची!

४ मार्च
होड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना होडी दाखवली. त्यांनी तळ ठोकून पाहिला, सुकाणू हलवलं, शीड उलगडलं. "तळ खणखणीत आहे वहिनी. शीड मात्र गेलं. दोन लाखाला लगेच जाईल. जास्त सांगाल तर वाट बघत बसाल."

पण होडी ह्यांची. ह्यांना विचारल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, हे मी ठरवलंय. विचारायचं कसं? अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांच्याकडे दोनच शब्द उरलेत — राहू दे. चहा हवा? राहू दे. नको? राहू दे. आणि कप पुढे ठेवला की मुकाट पितात.

७ मार्च
बोलायला शिकवणारी बाई म्हणते, "त्यांना सगळं कळतं. शब्दांवर जाऊ नका. चिठ्ठ्या मांडा, ते दाखवतील."

जाड कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, दोन लाखापासून सात लाखापर्यंत. टेबलावर ओळीने मांडल्या. मोठा आकडा डावीकडे, पहिला — म्हटलं सुरुवात तरी चढी असावी. ह्यांनी बोट सातवर ठेवलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सात. काय हा सवतीचा तोरा! ठीक आहे. सात तर सात.

१२ मार्च
सात ऐकून एकाने फोनच ठेवला. दुसरा म्हणाला, "बाई, सोबत समुद्रही देताय का?"

१९ मार्च
एक शिक्षक जोडपं होडी बघून घरी आलं. त्यातली बायको सुकाणूपाशी किती वेळ बसली होती म्हणे. "अडीच लाख. एवढेच जमलेत." मी नाही म्हटलं. हे खुर्चीतून उठायला धडपडले, त्या दोघांकडे हात करून "राहू दे, राहू दे" करत राहिले. मी म्हटलं, बघा, त्यांना द्यायची नाहीये. नंबर ठेवून बिचारी गेली.

२४ मार्च
बाईंसमोर चिठ्ठ्या मांडल्या. हे सातवर. बाईंनी पाच उचलून सगळ्यात डावीकडे ठेवला. हे पाचवर. मग दोन. हे दोनवर.

"त्यांना उजवीकडचं दिसत नाहीये हो. एकाखाली एक मांडा."

म्हणजे मी जो आकडा पुढे करत होते, तोच ह्यांचा समजून डोक्यावर घेऊन नाचत होते. ताटातलं उजवीकडचंही तसंच राहायचं, आणि मी नखरे म्हणून ओरडायची. फार वाईट वाटलं. ह्यांच्यासमोर रडले.

२५ मार्च
एकाखाली एक मांडल्या. दोन. पिसून मांडल्या. दोन. दोन सगळ्यात खाली ठेवला, तरी शोधून काढला. मग खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला — त्या जोडप्याचा नंबर. कालपासून मी तो घरभर शोधत होते.

२६ मार्च
नंबर समोर आहे. लावला नाही. सवत गेली की हे पुन्हा शीड ओढणार नाहीत, हे कबूल करावं लागेल. ह्यांनी केव्हाच केलंय. माझ्याने होत नाही. दुपारी दोनची चिठ्ठी फाडून टाकली. ह्यांनी पाहिलं. माझ्या हातातले तुकडे काढून घेतले आणि म्हणाले, "राहू दे."