करवतीचे दात

फ्लँडर्स, ता. ३ ऑक्टोबर १९१६

प्रिय हुल्डाताईस एवाल्डचा सा. न. वि. वि.

मी धड आहे. अक्षराला हसू नकोस, शाळेत माझी पाटी तूच भरून द्यायचीस. आम्हाला दिलेल्या संगिनींच्या पाठीला करवतीचे दात आहेत, कदाचित बाबांनीच घडवलेले. ते म्हणतील, फांद्या कापायला आहेत. समोरच्या इंग्रजांना ते पटत नाही. अशी संगीन सापडली की कैद नाही, माणूस जागीच संपवतात. तेव्हा हे दात घासून टाकायला एक बारीक कानस पाठव. हवालदार म्हणतो, एवाल्डला मरायचंय पण सुबकपणे. विषारी धूर मात्र आम्ही आणि ते, दोघेही सोडतो, त्याचा राग कुणी कैद्यावर काढत नाही. दमलोय.

तुझा, एवाल्ड

झोलिंगेन, ता. १४ ऑक्टोबर

चि. एवाल्ड यास अनेक आशीर्वाद.

कानस मोज्यात गुंडाळली आहे. पीठ मिळत नाही म्हणून पाव सलगमाचा आहे, तोंडं वेंगाडू नकोस. बाबा आधी भडकले, म्हणाले, दात पाडायला हात बसावा लागतो आणि हा गाढव ते घासणार! मग कानस त्यांनीच निवडली. पाणी लावत घास, पातं तापलं तर पोलाद मऊ पडेल, असं बजावलंय.

तुझी, हुल्डा

फ्लँडर्स, ता. २ नोव्हेंबर

प्रिय ताईस सा. न.

माझी संगीन बघून सगळ्यांनीच आपापल्या आणून दिल्या. कप्तानाने काम पाहिलं आणि ओळखलं, हा धारवाल्याचा पोरगा. आता मी मागच्या छपरीत असतो. चाक आहे, शेगडी आहे, गरम सूप आहे. काम एकच, फावड्यांच्या कडांना धार लावायची. खणायला नाही गं. अरुंद खंदकात बंदूक वळत नाही, म्हणून छाप्याला जाताना पोरं फावडी नेतात आणि मान नि खांदा यांच्यामध्ये घालतात. परत आणतात, मी धुतो, पुन्हा धार लावतो. दात घासून मी कुठे येऊन पडलो बघ. नाही म्हटलं तर पुन्हा पुढच्या खंदकात. बाबांना विचार, काय करू?

एवाल्ड

झोलिंगेन, ता. १२ नोव्हेंबर

चि. एवाल्ड यास आशीर्वाद.

बाबा म्हणतात, तिथेच राहा. धार लावणारा वेगळा, मारणारा वेगळा, आपलं घर इतकी वर्षं यावरच चाललंय. हे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, वाचून दाखवायला लावलं, मग खोडून टाक म्हणाले, मग राहू दे म्हणाले. तुझं पत्र आल्यापासून नदीकाठच्या आपल्या धारेच्या चाकावर गेलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. मीही राहाच म्हणते. मला दुसरा भाऊ नाही. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

हुल्डा

फ्लँडर्स, ता. २४ नोव्हेंबर

प्रिय ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. काल ल्यूडेके नावाच्या पोराने फावडं परत आणलं. पहिल्या घावात काम झालं नाही, जरा जास्त धार लावता का, असं अदबीने विचारलं, आपल्या दारातल्या गिऱ्हाइकासारखं. मी लावून दिली. मग चाक दुसऱ्याच्या हाती सोपवलं आणि कप्तानाला सांगितलं, डोळ्यांना दिसत नाही. त्याने शिव्या घातल्या. उद्या पुढे जातो. माझं फावडं सरकारने दिलं तसंच बोथट आहे, माती उचलतं. वेळ आली तर तेही उगारीन की नाही, ठाऊक नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

बाबांना सांग, मी अजून चाकावरच आहे.

तुझा, एवाल्ड