चार फुल्या

१२ जानेवारी

चि. धाकट्यास, ताईचे अ. उ. आ.

फोनवर तू ‘बरं आहे’च्या पुढे सरकत नाहीस, म्हणून लिहायला बसले आहे. परवा तुझ्या शेजारचे मास्तर इथे लग्नाला आले होते. त्यांनी सांगितलं, की तुझ्या कामाच्या खोलीत तो पत्रा अजून भिंतीला टेकून उभाच आहे आणि तू सुतारकामाची गिऱ्हाइकंही परत पाठवतोस. वर्ष होत आलं रे.

तुझ्या लंबू लेकानं तो टायरच्या जाहिरातीचा पत्रा पाडायला काढलेल्या दुकानावरून उतरवून आणला, तेव्हा किती हसलो होतो आपण! चांगला सात फुटी, आणि त्यावर सायकल हाणणारा टोपीवाला जाड्या. तो हुबेहूब आतोबांसारखा दिसतो, असं लंबूनं मला मुद्दाम कळवलं होतं. ह्यांनी महिनाभर जेवण कमी केलं होतं.

माझ्या भिंतीवरची तसबीर सरळ केल्याशिवाय ज्याला पाणी गोड लागत नाही, त्याच्या घरात असा पत्रा पडून राहावा? पोराची हौस होती, टांग एकदाचा. नाहीतर कुणाला देऊन टाक. पण त्याच्यासमोर बसून कुढू नकोस. मला तुझी फार काळजी वाटते.

लोभ आहे म्हणतोस, तो उत्तरातून दिसू दे.

तुझी ताई

२० जानेवारी

ती. सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझा राग पोचला. मास्तरांना लग्नातसुद्धा माझ्याच चौकशा!

पत्रा टांगायला मला एक सकाळ पुरे, हे तुला ठाऊक आहे. अडलंय ते वेगळंच. पत्र्याच्या चार कोपऱ्यांना भोकं आहेत, त्यांच्यासाठी लंबूनं भिंतीवर पेन्सिलीनं चार फुल्या मारून ठेवल्यात. वरच्या दोन गाठायला मला स्टूल लागतं. तो नुसत्या टाचा उंचावून मोकळा झाला. दुसरं टोक धरायला मी हवा, म्हणून पुढचं काम रविवारवर ठेवलं. त्या रविवारी तो इस्पितळात तापानं फणफणत होता, आणि त्यातच गेला.

कितीदा तरी मशीन हातात घेतलं. ड्रिलचं टोक फुलीवर टेकवतो आणि मशीन परत खाली ठेवतो. भोक पडलं की फुलीची भुकटी होऊन खाली येणार. भिंतीवर त्याचा हात फिरलाय गं तिथे, आणि तो मीच खरवडून काढायचा?

आणि गंमत ऐक. उजवीकडच्या फुल्या बोटभर खाली आहेत. लेव्हलची पट्टी माझ्याबरोबर कामावर होती, म्हणून पठ्ठ्यानं मापं जमिनीपासून घेतली, आणि जमीन तर मोरीकडे उतरती. जमिनीचा भरवसा धरू नकोस, हे त्याला शंभरदा सांगून झालं होतं. खुणा चुकल्यात, पुसून नव्या मार, असं माझ्यातला सुतार म्हणतो.

ही त्या खोलीत पाऊल टाकत नाही. चहा दारात ठेवून जाते.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

धाकटा

२८ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांच्या हातात दिलं आणि मी आत निघून गेले. बाहेर आले तर हे उगाच चष्मा पुसत बसलेले. पत्रा देऊन टाक असं मी म्हणाले होते, ते विसर.

एक सुचतंय. पत्रा वीतभर खाली लाव, तुझ्या मनासारखा सरळ. वरच्या दोन फुल्या तशाच दिसत राहतील आणि खालच्या दोन पत्र्यामागे सुखरूप राहतील. ह्यांचं म्हणणं, जाड्या जमिनीजवळच बरा, पडला तर फार लागणार नाही.

पण तिला न विचारता काही करू नकोस. तो तिचाही होता. हे पत्र तिला वाचायला दे. कामाच्या धबडग्यातही आम्हा दोघांची आठवण असू दे.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. सौ. वन्संस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र माझ्या हातात द्यायचा ह्यांना धीर होईना, म्हणून रिकाम्या कपाखाली घालून दारात ठेवलं. मी वाचलं आणि आत गेले. ह्यांनी तुमच्या सांगण्यावरून वीतभर खाली रेघ मारून ठेवली होती. त्या फुल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

वन्सं, रागावू नका, मला तुमचं पटलं नाही. मी ह्यांना म्हटलं, की त्यानं त्या जपायला मारल्या नव्हत्या, भोकं पाडायला मारल्या होत्या. त्याचं काम अर्धं राहिलंय, ते आपण पुरं करू. ह्यांनी मशीन कसं धरायचं तेवढं दाखवलं.

स्टुलावर मी चढले. पहिल्या भोकाला ह्यांनी खालून माझा पाय घट्ट धरला. चारही भोकं फुल्यांवरच पाडली, तसूभर इकडेतिकडे नाही. मग ह्यांनी भोकांत लाकडी गुटके ठोकले, रंगाचा टवका उडू नये म्हणून स्क्रूखाली चामड्याच्या चकत्या घातल्या. दुसरं टोक मी धरलं. फार जड आहे हो तो.

खाली पडलेली भुकटी मीच झाडून केरात टाकली, आणि मग पायरीवर बसून मोठ्यांदा रडले. वर्षभरात अशी रडले नव्हते. हे येऊन शेजारी बसले.

आता चहा आत घेऊन जाते. आमच्यावर माया आहे तशीच ठेवा.

तुमची भावजय

ता. क. ताई, पत्रा उजवीकडे बोटभर कललाय. जाड्या उतारावरून निघाल्यासारखा दिसतो. ही म्हणते, त्याला आता पायडल मारायचे कष्ट नाहीत. रोज सकाळी माझा हात लेव्हलच्या पट्टीकडे जातो आणि मी तो मागे घेतो. तुम्ही दोघं याल तेव्हा पत्रा तिरका आहे असं म्हणू नका. मला माहीत आहे. आमच्या लंबूनं तो तसाच लावलाय.

धाकटा