पत्रकावरचा सगळ्यात गोड आंबा

पुणे, ता. २ मार्च २०२५

ती. आनंदीआत्यास,
गौरजाचा शि. सा. न. वि. वि.

एवढं लिहीत बसण्यापेक्षा फोन कर ना, असं इथे सगळे म्हणतात. त्यांना काय माहीत, फोनवर मी विचारते जेवणाचं आणि तू उत्तर देतेस पावसाचं! तेव्हा आपलं पत्रच बरं. बातमी मोठी आहे, बसून वाच.

दिवाळीनंतर मी पक्की नोकरी सोडून या छोट्या कंपनीत आले, तेव्हा बाबा महिनाभर माझ्याशी नीट बोलले नव्हते. आता दिवसातून दोनदा त्यांचाच फोन येतो. कारण आमच्या कंपनीने एक संगणकी डोळा तयार केलाय. आंब्याच्या पेटीवर फोन धरायचा, फोटो काढायचा, की कुठल्या आंब्यात साका आहे ते न कापता कळतं. आत्या, साका! बाहेरून देखणा आंबा आणि कापल्यावर आत तो पांढरा, आंबट, भुसभुशीत गर. आजोबांच्या वेळेपासून आपल्या बागेला त्याने छळलंय. वर हा डोळा गोडी किती आणि पिकणार कधी तेही सांगतो. शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर, असं आमचे साहेब सांगतात. आतलं गणित त्यांचं एकट्याचं गुपित आहे. मी फक्त फोनवर जे दिसतं तेवढं बनवते.

रामनवमी झाली की बाबा वाडीतल्या सगळ्या बागायतदारांना देवळात बोलावणार आहेत. मी तिथे यंत्र दाखवायचं. यंदा सगळ्यांच्या पेट्यांवर ‘साकामुक्त’ असा शिक्का आणि त्याखाली बाबांचं नाव. लोकांनीच तसं मागितलं. विश्राम सांगता म्हणजे खराच आसतला, असं म्हणाले म्हणे. बाबा इतके खूश आहेत की काय सांगू!

साहेबांना कोकणातून थेट आलेली एक पेटी हवी आहे. तुझ्या परसातल्या कलमाचे पहिले आंबे पाठवशील ना?

माया आहे तशीच राहू दे, वाढली तरी माझी तक्रार नाही.
तुझी,
गौरजा


सावंतवाडी, ता. ८ मार्च २०२५

॥ श्री ॥
चि. गौरजा हिस,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र पावलं. बसून वाच म्हणालीस म्हणून मुद्दाम उभ्याने वाचलं. तू आनंदात आहेस हे अक्षरावरूनच कळलं, ओळी नुसत्या वर वर चढल्यात. बरं वाटलं गो बाय.

आता माझं ऐक. मागच्या वर्षी कानात हे यंत्र बसवलं, तेव्हा दुकानातल्या मुलाने सांगितलं होतं, आजी, पानावर पान पडलं तरी ऐकू येईल. पान कुठलं! शेजारच्या अक्षयाचा मिक्सर तेवढा ऐकू येतो, तोही माझ्याच डोक्यात फिरल्यासारखा. पण मोतीबिंदू यंत्रानेच निघाला आणि आज तुझं किरटं अक्षर मला चष्म्याशिवाय दिसतं. यंत्राशी माझं वैर नाही. त्याचे गोडवे गाणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही, एवढंच.

तुझा बाबा शिमग्याच्या सामानाला इथे बाजारात आला होता. त्याने मला तुमच्या यंत्राचा व्हिडिओ दाखवला. यंत्र एक आंबा नापास करतं, मग तो कापतात, आत साका दिसतो, सगळे टाळ्या वाजवतात. मी विश्रामला विचारलं, की पास झालेले आंबे कोणी कापून बघितले? तो म्हणाला, ते गौरजाला ठाऊक. म्हणून आता तुला विचारते.

विश्रामकडे दुसरं काय आहे सांग. मुंबईचा व्यापारी पेटी न उघडता घेतो, ती त्याच्या नावावर. ते नाव तुझ्या आजोबांनी कमावलं आणि त्याने राखलं. आता वाडीतल्या सगळ्यांच्या आंब्यांवर तो ते लावायला निघालाय, आणि तेही तू सांगितलंस म्हणून. तुझ्यावर त्याचा देवाइतका विश्वास आहे. मला भीती वाटते ती त्याचीच.

पेटी निलेशच्या गाडीने परवा निघेल. नेहमीसारखीच भरली आहे. रागावू नकोस.

जेवणखाण वेळेवर कर आणि या म्हातारीला मनातून काढू नकोस.
तुझी,
आनंदीआत्या


पुणे, ता. २१ मार्च २०२५

ती. आत्यास,
गौरजाचा शि. सा. न. वि. वि.

पेटी सुखरूप आली. उघडल्याबरोबर गवताचा आणि चिकाचा वास आला आणि मला एकदम तुझं परस आठवलं. त्याबद्दल खूप खूप आभार. बाकी पत्राबद्दल मात्र आभार मानत नाही. रागावले आहेच.

अगं, पास झालेला आंबा कापायचा कशाला? कापला तर विकायचा काय? न कापता कळावं म्हणूनच तर हे सगळं! लाखो फोटो बघून संगणक शिकलाय, तुझ्यामाझ्यासारखा अंदाजाने बोलत नाही. तुला ते समजावून सांगणं मला पत्रात जमणार नाही.

पण राग बाजूला ठेवून एक गंमत सांगते. साहेबांनी सगळ्यांसमोर तुझी पेटी तपासली. वरचा थर अलगद बाजूला केला आणि खालचा तसाच गवतात ठेवून फोटो काढले. सगळेच्या सगळे पास! खालच्या थरातला कोपऱ्यातला एक तर असा निघाला, की आजवर तपासलेल्या आंब्यांत सगळ्यात गोड. ‘निर्यातीस योग्य’ असं लिहून आलं. साहेबांनी त्याचाच फोटो पत्रकावर छापून घेतला. पत्रक सोबत पाठवते, देवघरापाशी लाव. तुझ्या परसातला आंबा छापून आलाय, आत्या, आता तरी म्हण की पोरगी बरोबर होती!

एकच चुकल्यासारखं झालं. दर वर्षी तू पेटीत चितारआळीतला एक लाकडी आंबा लपवतेस. तो ज्याच्या हाती येईल त्याने सगळ्यांना आंबे कापून वाढायचे आणि आपण शेवटी बाठा चोखायचा. लहानपणी तो माझ्याच हाती यायचा आणि मी भोकाड पसरायची. यंदा तू विसरलीस. वय झालं हो तुझं.

बाबांनी शिक्के मारलेले खोके छापून आणलेत. पेटी इथे आढीत ठेवली आहे, पिकली की सगळे मिळून खाऊ.

राग माझा आहे, लोभ तुझा असू दे.
तुझी,
गौरजा


सावंतवाडी, ता. २५ मार्च २०२५

॥ श्री ॥
चि. गौरजा हिस,
अनेक आशीर्वाद.

मी विसरले नाही.

पत्रक मिळालं. अक्षयाकडून भिंग आणून दोनदा बघितलं, मग ते घेऊन चितारआळीत लाकडी फळं रंगवणाऱ्या हौसाबाईकडे गेले. तिने आपला आंबा लगेच ओळखला. पेटी कच्च्या आंब्यांची असते म्हणून यंदा तो मी तिच्याकडून मुद्दाम हिरवा रंगवून घेतला होता, खांद्यावर थोडी लाली देऊन. देठ तेवढा खरा चिकटवला आहे. आपला आंबा छापून आला म्हणून हौसाबाई हरखून गेली आहे आणि आणखी दोन पत्रकं मागते आहे.

तुला तोंडघशी पाडायला मी हे केलं नाही, देवाशपथ. नेहमीसारखीच पेटी भरली, एवढंच. हसू आलं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हाच. नंतर विश्रामचे खोके आठवले आणि पत्रक उलटं करून ठेवलं.

आता काय करायचं ते तू ठरव. मी विश्रामला काही कळवलेलं नाही. कळवणारही नाही, कारण त्याने ते तुझ्या तोंडून ऐकावं.

काही झालं तरी तू आमचीच आहेस, हे ध्यानात ठेव.
आत्या


मालवण, ता. ९ एप्रिल २०२५

ती. आनंदीआत्यास,
गौरजाचा शि. सा. न. वि. वि. या वेळचा साष्टांग नमस्कार खरोखरचा समज.

तुझं पत्र मी ऑफिसातच फोडलं आणि तशीच पेटीपाशी धावले. बाकीचे आंबे पिवळे होऊन घमघमत होते. कोपऱ्यातला तो एक मात्र तसाच हिरवागार! टिचकी मारली, तर टक् असा आवाज. तो तसाच उचलला.

साहेबांना दाखवला. ते हसले आणि म्हणाले, लाकडाचा आंबा विकायला कोण आणणार आहे, यात यंत्राचा काय दोष? मी विचारलं, की मग त्याची गोडी मोजली कुठून? तेवढ्यात त्यांना एक महत्त्वाचा फोन आला आणि ते जे बाहेर गेले ते गेलेच.

मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या आंब्याचा फोटो काढला. तोही गोड निघाला. डब्यातली हिरवी साबणवडी आठ दिवसांत पिकणार होती. हसावं की रडावं कळेना. शेवटी सुरी घेतली आणि तुझे पास झालेले आंबे एकेक करून कापले. आत्या, त्यांत साका होता. सगळ्यांत नाही, पण बऱ्याच आंब्यांत होता. तू विचारलेला प्रश्न किती साधा होता! तो मला सुचला नाही आणि तू विचारलास तेव्हा मी तुलाच अडाणी ठरवलं. मला क्षमा कर. त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला आणि घरी यायला निघाले.

बाबांना सांगणं सगळ्यात कठीण गेलं. पडवीत ते नवे खोके आढ्यापर्यंत रचलेले, प्रत्येकावर त्यांचं नाव. मी सगळं सांगितलं. ते उठून बागेत निघून गेले. परत आले तेव्हा एवढंच विचारलं, की तू सकाळपासून काही खाल्लंस काय? मग मात्र मला रडू आवरेना.

लोकांना बोलावणं गेलंच होतं. बाबा म्हणाले, बोलावलं मी, तर सांगतोही मीच. मी म्हटलं, बाबा, लाकडी आंबा माझ्या हाती आलाय, कापून वाढायचं काम माझं.

देवळात सगळे जमले. मी लाकडी आंबा मध्ये ठेवला, फोन धरला आणि यंत्राने काय सांगितलं ते वाचून दाखवलं. मग आपल्याच बागेतले पिकलेले आंबे घेतले. प्रत्येकाचा आधी फोटो, मग सुरी. सगळे पास होत होते आणि मधूनच एखादा पांढरा निघत होता. बाबांनी ताट धरलं. कोणी हसेल, कोणी बोल लावेल म्हणून मी मान वर केलीच नाही. शेवटी वाडीतल्या धोंडूकाकांनी तो लाकडी आंबा उचलून उलटसुलट बघितला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, की ह्या कलमाची एक काडी माका दी गो, साको धरणा नाय तां! मग असा हशा पिकला की विचारू नकोस. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, बरां केलंस, बाजारात आंबो कापलो असतो तर आमी सगळेच कापले गेलो असतो.

नोकरी गेली, आता दुसरी शोधीन. पण आत्या, बाबांच्या नावाला धक्का लागला असता तर मी काय केलं असतं? तू नेहमीसारखीच पेटी भरलीस, म्हणून ते नाव राहिलं. याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. मे महिन्यात तुझ्याकडे येते, पाय धरून मानीन.

अशीच मला लाकडी आंबे पाठवत राहा.
तुझीच,
गौरजा


मालवण, ता. १४ एप्रिल २०२५

॥ श्री ॥
ती. आकास,
विश्रामचा शि. सा. न. वि. वि.

पोरीने तुला सगळं लिहिलं, पण एक लिहिलं नाही. लाजली असेल. म्हणून मी लिहितो. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, सांभाळून घे.

देवळात तिने सगळ्यांना वाढलं आणि रिवाजाप्रमाणे शेवटी उरलेला बाठा घेऊन बसली. मी तिच्यासाठी एक आंबा आधीच बाजूला ठेवला होता. उत्तरेकडच्या जुन्या कलमाचा. वास घेऊन, हातात तोलून, देठ बघून निवडलेला. म्हटलं, जन्म गेला या बागेत, मला तरी यंत्र नको. सगळ्यांसमोर तो तिला दिला आणि आज बाठा नाही, हा पुरा आंबा तुझा, असं सांगितलं. तिने कापला.

साका निघाला गो आका. मी निवडलेल्या आंब्यात!

माका वाटलां, आता जमिनीने पोटात घ्यावां. पोरगी माझ्याकडे बघून हसली. पांढरा गर सुरीने बाजूला काढला, उरलेला खाल्ला आणि गोड आसा बाबा, असं म्हणाली. आका, मी तिला शिकवलं, पुण्याला धाडलं, तेव्हा वाटायचं की पोर मोठी व्हावी. ती मोठी झालेली मी त्या दिवशी बघितली. ती तुझ्यामुळे बघायला मिळाली. तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते मला फेडायचे नाहीत.

खोके फुकट घालवले नाहीत. ‘साकामुक्त’वर कागद चिकटवतो आहोत. काय लिहायचं ते गौरजाने विचारलं आणि मी सांगितलं तसंच तिने मोठ्या अक्षरात लिहून काढलं: आंबो कापल्याशिवाय कळणा नाय. साको निघालो तर सांगा, दुसरो देतलंव. विश्राम आणि गौरजा.

तिचं नाव मीच घालायला लावलं. पहिली पेटी तुला येते आहे, नेहमीसारखीच भरली आहे. हौसाबाईकडून दुसरा लाकडी आंबा कोणी रंगवून आणला ते विचारू नको, आणि सुरी जवळ ठेव.

तुझा धाकटा भाऊ,
विश्राम